अपील ही मेहेरबानी नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय मी संयोजकांना कळविला तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा विचारून घेतले, "हाच विषय नक्की ना?" त्यांच्या मनातली शंका मी समजू शकतो. रोजगार, पाणी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे आपल्या अभ्यासवर्गांचे नेहमीचे विषय. परदेशातून अमली पदार्थ आणल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला वरच्या न्यायालयात दाद मागता आली पाहिजे, आणि त्यासाठी आपण झटले पाहिजे, हा विषय त्या पंक्तीत कसा काय येऊन बसला, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल.

तेव्हा आधीच सांगतो की मी गर्दाची वकिली करायला उभा नाही. १९८०नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गर्दाने किती घरे पोखरली हे आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ साली पुण्यात अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी हात दिला. व्यसनाविरुद्धची ही परंपरा आपली आहे आणि ती सोडण्याचे काहीच कारण नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याच परंपरेच्या नावाखाली मी एकदा एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करीत होतो. एक दिवस एक वयस्कर शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घालून माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा परदेशातून परतत असताना विमानतळावर त्याच्या बॅगेच्या तळाशी पुडकी सापडली होती. बॅग एकाने पोचवायला दिली होती, आत काय आहे ते ठाऊक नव्हते, असे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. त्याला दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड झाला होता. पिशवीत निकालाची नक्कल होती, इंग्रजीत. बापाला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते.

मी ते कागद उघडलेही नाहीत. "बाबा, आम्ही गर्दाच्या अड्ड्यांसमोर धरणे धरणारी माणसे. हे काम मी घेऊ शकत नाही," असे मी म्हणालो आणि तसे म्हणताना मला थोडा अभिमानही वाटला. म्हातारा काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "पोरगा खरा की खोटा, ते मला बी ठावं न्हाई वकीलसाहेब. पर त्याचं म्हननं नीट ऐकून घेनारं वर कुनी हाय का, येवढंच इचाराया आलो हुतो."

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिले नाही. आज तुमच्यापुढे देण्याचा प्रयत्न करतो.

आधी कायदा काय आहे ते पाहू. 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' हे त्याचे लांबलचक नाव. न्यायालयाच्या आवारात त्याला एनडीपीएस म्हणतात. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. देशात माल आणणे, देशाबाहेर नेणे आणि एका वाहनातून दुसऱ्या वाहनात चढविणे यांसाठी त्याचे २३वे कलम आहे. मूळ कायद्यात हेरॉइनसारख्या पदार्थाला कमीत कमी दहा वर्षे आणि जास्तीत जास्त वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड होता. स्वतःच्या सेवनापुरते अल्प प्रमाण सोडले तर माल किती, हा प्रश्नच नव्हता. शंभर ग्रॅमवाला आणि शंभर किलोवाला एकाच पायरीवर उभे होते. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रमाणानुसार तीन पायऱ्या आल्या. हेरॉइनचे पाच ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प, अडीचशे ग्रॅमच्या वरचे व्यापारी, मधले ते मधले. दहा वर्षांची किमान शिक्षा आता व्यापारी प्रमाणाला आहे.

या दुरुस्तीतही एक गोष्ट अशी घडली की जी आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. नव्या पायऱ्यांचा लाभ ज्यांचे खटले अजून चालू होते त्यांना मिळाला. ज्यांची अपिले प्रलंबित होती त्यांना मिळाला नाही. म्हणजे एकाच दिवशी सारख्याच मालासह पकडलेल्या दोघांपैकी ज्याचा खटला रेंगाळला तो हलक्या शिक्षेचा धनी होऊ शकत होता, आणि ज्याचा लवकर निकाल लागून तो अपिलात गेला होता त्याच्या नशिबी जुनी दहा वर्षे कायम राहिली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनेशी विसंगत नाही असा निर्वाळा दिला. तो निकाल मानून चालणे आपल्याला भाग आहे. पण अपिलात गेलेल्या कैद्याकडे कायदा करणाऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले होते ते त्यातून दिसते.

आता गृहीतकांकडे वळू. फौजदारी कायद्याचा सामान्य दंडक असा की आरोप सरकारने शाबीत करायचा आणि आरोपीने गप्प बसले तरी चालते. या कायद्याच्या ३५व्या आणि ५४व्या कलमांनी तो दंडक पुष्कळसा उलटा केला आहे. माल तुमच्याजवळ सापडला की तो गुन्ह्याचाच, आणि त्याची जाणीव तुम्हाला होतीच, असे न्यायालय धरून चालते. जाणीव नव्हती हे दाखविण्याचे ओझे तुमच्या शिरावर. ज्याने बॅग भरून दिली तो तर कुठे दूर बसलेला असतो. त्याचे नाव कैद्याला बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी सांगण्याची छाती नसते. विमानतळावर, सीमेवरच्या नाक्यावर, बंदरावर जो हाती लागतो तो वाहणारा असतो. धंद्याचा मालक स्वतःच्या डोक्यावर गाठोडे घेऊन कधीच चालत नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती, सरकार तिच्यावर कर घेत होते, आणि त्या व्यापारात संपत्ती मिळविणाऱ्यांपैकी काहींना किताबही मिळाले. गोदीत पेट्या वाहणाऱ्या हमालाचे नाव कोणत्या इतिहासात आहे? आता कायदा बदलला, धंदा गुन्हा ठरला आणि किताबाच्या जागी तुरुंग आला. परंतु तुरुंगाची वेळ आली तेव्हा मात्र हमालाला सर्वांच्या आधी आठवण्यात आले.

अशा खटल्यात अपिलाने काय साधते ते एका निकालावरून सांगतो. १ ऑगस्ट १९९७ रोजी अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर एका अफगाण नागरिकाला सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अटक केली. त्याच्याजवळच्या खोक्यात एक किलो चारशे ग्रॅम हेरॉइन सापडले असा आरोप होता. सत्र न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 'नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य' या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जुलै २००८ रोजी न्या. सिन्हा आणि न्या. सिरपूरकर यांनी त्याला निर्दोष सोडले. जप्त केलेला मुद्देमाल न्यायालयापुढे आलाच नव्हता, त्याचा रीतसर नाश केल्याचा पुरावाही नव्हता. नमुन्यांविषयी शंका होत्या. अधिकाऱ्यांच्या ताब्यात असताना घेतलेल्या कबुलीजबाबावर भिस्त ठेवणे सुरक्षित नव्हते. न्यायालयाने ती गृहीतके रद्द केली नाहीत. पण आधी सरकारने मूळ वस्तुस्थिती निःसंशय सिद्ध करावी, मगच गृहीतक लागू होईल, आणि शिक्षा जितकी कठोर तितका पुरावा अधिक काटेकोरपणे तपासला पाहिजे, असे बजावले.

साथींनो, या तारखांचा हिशेब करून पाहा. शिक्षा दहा वर्षांची होती. अटकेपासून निर्दोष ठरेपर्यंत जवळजवळ अकरा वर्षे लागली. आणि दोन न्यायालयांना जे दिसले नाही ते तिसऱ्याला दिसले. तिसऱ्या दारापर्यंत पोचण्याचे बळ नसते तर तो मनुष्य कायमचा तस्करच राहिला असता.

'अपील करता येते' हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात सोपे आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की उच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील करावे, नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल तत्काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. वकील नसेल तर तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत साध्या कागदावर अपील धाडता येते. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी या तरतुदी कायम आहेत. परंतु नक्कल हाती पडणे, ती वाचता येणे, मुदत कळणे आणि वकील मिळणे या चार गोष्टी जोपर्यंत जुळत नाहीत तोपर्यंत अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

याची साक्ष आपल्याच येरवड्याने दिली आहे. 'होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा १९७८ सालचा निकाल. प्रकरण अमली पदार्थांचे नव्हते, बनावट पदवीपत्रांचे होते. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढविली, आणि कैद्याची सर्वोच्च न्यायालयातली याचिका आली ती चार वर्षांहून अधिक काळाने. निकालाची नक्कल तुरुंगाकडे पाठविली होती, पण ती कैद्याच्या हाती पडल्याची त्याची सही कुठेच नव्हती. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली. पण ती फेटाळतानाच सांगितले की अपिलाचा हक्क सफल करणारी प्रत्येक पायरी राज्याने बांधून दिली पाहिजे, कारण ती घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भाग आहे. नक्कल वेळेवर द्यावी, पोच घ्यावी, गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील द्यावा. हे सारे एका दोषी ठरलेल्या माणसाच्या प्रकरणात सांगितले गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यापुढची पायरी शिक्षेच्या स्थगितीची. अपील दाखल झाले, पण सुनावणी कधी? तोपर्यंत कैदी आतच. १९७७ साली 'काश्मिरा सिंग' प्रकरणात न्या. भगवती यांनी असा सवाल केला होता की पाच-सहा वर्षे तुरुंगात काढल्यावर मनुष्य निर्दोष ठरला तर त्याच्या त्या वर्षांची भरपाई न्यायालय कशी करणार? म्हणून अपील लवकर ऐकता येत नसेल तर शिक्षा स्थगित करण्याचा विचार झाला पाहिजे. परंतु १९८९ साली एनडीपीएस कायद्यात ३२-अ हे कलम घुसविण्यात आले. या कायद्याखालची शिक्षा स्थगित करता येणार नाही, तिच्यात माफी नाही, ती सौम्यही करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. अकरा वर्षे हे कलम तसेच्या तसे राहिले. १२ ऑक्टोबर २००० रोजी 'दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरविले की न्यायालयाचा स्थगितीचा अधिकार काढून घेण्यापुरते हे कलम घटनाबाह्य आहे. अपिलाचा हक्क द्यायचा, ते लवकर ऐकण्याची सोय करायची नाही, आणि मधल्या काळात न्यायालयाचे हात बांधायचे, हे न्याय्य नव्हे. अभिवचन रजा म्हणजे शिक्षेची स्थगिती नव्हे, म्हणून या कलमाने ती अडत नाही, हेही तिथेच स्पष्ट झाले.

तरीही वाट मोकळी झाली असे समजू नका. ३७वे कलम शिल्लक आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात स्थगिती द्यायची तर हा मनुष्य दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर राहून तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. शिक्षा झालेल्या माणसाने अपिलाच्या सुनावणीपूर्वीच ही खात्री पटवायची. बृहन्मुंबईतील एनडीपीएस खटले वर्षानुवर्षे पडून राहिल्याने १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की दहा वर्षांची किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पाच वर्षे कच्चा कैदी म्हणून काढलेल्याला जामिनावर सोडा. पण जामीन एक लाखाचा आणि तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार! खिशात पाचशे रुपये नसलेल्या माणसाला ही दारे उघडी आहेत असे म्हणणे ही थट्टाच ठरते. २०२३ साली 'मोहम्मद मुस्लिम' प्रकरणात त्या न्यायालयाने म्हटले की खटल्याला अवाजवी विलंब झाला असेल तर ३७व्या कलमाची आडकाठी न मानता जामीन देता येतो. हे पाऊल स्वागतार्ह आहे. प्रत्येक तुरुंगात ते पोचले आहे काय, हे कोणी पाहायचे?

दंडाची गोष्टही वेगळी नाही. एक लाख रुपये दंड श्रीमंताला दंड असतो, गरिबाला तो वाढीव तुरुंगवास असतो. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात दहा वर्षांच्या शिक्षेबरोबर दंड न भरल्यास आणखी तीन वर्षे सक्तमजुरी ठोठावली होती. तो मनुष्य अत्यंत गरीब होता आणि केवळ माल वाहणारा होता. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ शिक्षा कायम ठेवली, पण त्या तीन वर्षांचे सहा महिने केले. दारिद्र्यामुळे भोगावी लागणारी अडीच वर्षे केवळ अपिलामुळे वाचली.

अपिलात मूळ शिक्षाही कमी होऊ शकते काय, असे तुम्ही विचाराल. किमान शिक्षेच्या खाली न्यायालय जाऊ शकत नाही. म्हणून सारी लढाई प्रमाणावर आणि पुराव्यावर होते. २००८ साली 'मायकेल राज' प्रकरणात सुमारे चार किलो भुकटीत शुद्ध हेरॉइन साठ ग्रॅमच्या आसपास निघाले, आणि शुद्ध अंश धरून दहा वर्षांची शिक्षा सहा वर्षांवर आली. २०२० साली 'हिरा सिंग' प्रकरणात मोठ्या पीठाने हा विचार रद्द केला, आणि आता मिसळलेल्या पिठासकट सर्व वजन धरतात. त्याच वर्षी 'तोफान सिंग' प्रकरणात बहुमताने असे ठरले की ६७व्या कलमाखाली तपास अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कबुली म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. त्याआधी कितीतरी शिक्षा अशा जबाबांवर उभ्या होत्या. एक निकाल दार उघडतो, दुसरा ते लोटून घेतो. आणि या घडामोडींची वार्ता ज्याला सर्वांत जास्त हवी त्या कोठडीतल्या माणसाला ती सर्वांत शेवटी कळते, किंवा कळतच नाही.

आपली माणसे परदेशांतही याच फेऱ्यात सापडतात. जुलै २०१९मध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य दोह्याच्या विमानतळावर उतरले. त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांनाही दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, तिचे बाळंतपण कैदेतच झाले. सहल जवळच्याच नातेवाईकाने घडविली होती आणि पाकीटही त्याच वाटेने सोपविले गेले होते, असे त्यांचे म्हणणे. पण परक्या मुलखात ते शाबीत कसे करायचे? इकडे घरच्यांनी भारतातल्या तपासयंत्रणेचे दार ठोठावले, चौकशी झाली, अटका झाल्या, आणि तो पुरावा तिकडे पोचला. कतारच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराचा आदेश दिला आणि मार्च २०२१मध्ये दोघे निर्दोष सुटले. एप्रिलमध्ये ते मुलीला घेऊन मायदेशी परतले. त्यांच्यामागे झगडणारे कुटुंब होते, बातम्या छापणारी वृत्तपत्रे होती. ज्याच्यामागे यांपैकी काहीच नाही त्याचे काय होत असेल?

इथे आणखी एक पेच आहे. परदेशात शिक्षा झालेल्याला उरलेली शिक्षा भोगायला मायदेशी आणण्यासाठी आपल्याकडे २००३ सालचा कायदा आहे आणि अनेक देशांशी करार आहेत. पण त्यांत निकाल अंतिम झालेला असावा अशी अट असते. म्हणजे अपील चालू ठेवायचे तर परक्या तुरुंगात राहा. घरच्यांचे तोंड पाहायचे तर अपील सोडा. निर्दोष म्हणवून घेण्याचा हक्क आणि आईची भेट यांतून एक निवड, अशी अट आपण कोणत्या सहृदय व्यवस्थेत मान्य करू?

आता तुमच्या मनातल्या आक्षेपाकडे येतो. "हे सगळे खरे, पण या पळवाटांतून खरे तस्करही सुटतात," असे म्हटले जाते. नमुना कोणी घेतला, मोहोर कोणाची, मुद्देमाल कुठे ठेवला, झडतीपूर्वी आरोपीला त्याचा हक्क सांगितला काय, या गोष्टींना पळवाटा म्हणण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. जिथे बॅग हाच पुरावा आणि बॅग हाच गुन्हा, तिथे तीच बॅग, तोच माल, याची खात्री एवढाच आरोपीचा आधार असतो. तो काढून घेतला तर उद्या कोणत्याही गैरसोयीच्या माणसाच्या पिशवीत पुडी ठेवता येईल. चळवळीत काम करणाऱ्यांना हे मी वेगळे सांगायला नको. आणीबाणीत आपल्या आधीच्या पिढीने तुरुंग भोगला तेव्हा न्यायालयाची दारे बंद होणे म्हणजे काय, हे तिने जाणले होते.

आणि समजा, मनुष्य खरोखर दोषी आहे. तरी त्याला अपील हवेच. शिक्षा किती, कोणत्या प्रमाणाची, दंड कसा, हे प्रश्न दोषी माणसाचेच असतात. १९८९ साली याच कायद्यात दुसऱ्या मोठ्या गुन्ह्याला सक्तीची फाशी घातली गेली. न्यायाधीशाला निवडीचा अधिकारच ठेवला नाही. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती मान्य केली नाही आणि फाशी द्यावी की नाही हा निर्णय न्यायाधीशाचा राहील असा अर्थ लावला. संसदेने २०१४ साली कायदा तसा दुरुस्त केला. हा प्रश्न निर्दोष माणसाचा नव्हता. तो दोनदा दोषी ठरलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न होता, आणि त्याच्या विचारण्याने कायदा थोडा माणसात आला.

मग आपण करायचे काय? फार मोठे काही नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवर या समित्या आहेत. आपल्या प्रत्येक जिल्हा शाखेने दोन कार्यकर्ते या कामाला द्यावेत. शिक्षा झालेल्यांच्या घरच्यांना भेटून नक्कल मिळाली की नाही, साठ दिवस केव्हा संपतात, अपील तुरुंगातून गेले की नाही, एवढे विचारावे. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, हे सांगावे. निकाल मराठीत वाचून दाखवावा. आखातात किंवा अन्यत्र कामाला जाणाऱ्यांच्या गावी सभा घेऊन, दुसऱ्याचे पाकीट हाती धरू नका, हेही सांगावे. आणि ज्या वस्तीत गर्दाविरुद्ध आपण मोर्चा काढतो त्याच वस्तीतल्या कैद्याच्या आईला वकील शोधून देणे ही दोन कामे परस्परविरोधी आहेत, हा समज मनातून काढून टाकावा. व्यसनात बुडालेला आणि वीस हजारांसाठी बॅग उचलणारा, दोघेही बहुधा एकाच चाळीतले असतात.

त्या म्हाताऱ्याच्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मला ते पुष्कळ उशिरा कळले. अपील तुरुंगातूनच गेले, उशिरा गेले. सुनावणीला आले तेव्हा त्याची शिक्षा भोगून जवळजवळ संपली होती. अपील फेटाळले गेले. तो दोषी असेल. मी कागद वाचले नाहीत, त्यामुळे मला ते कधीच कळणार नाही. वाचले असते तरी निकाल कदाचित तोच लागला असता. पण त्याचा बाप जे विचारायला आला होता ते निकालाविषयी नव्हते. वर कोणी ऐकून घेणारे आहे का, एवढेच त्याने विचारले होते. "आहे, बाबा. कागद इथे ठेवा," असे मला म्हणता आले असते. तुमच्या दाराशी उद्या कोणी अशी पिशवी घेऊन आला, तर एवढे तरी म्हणा.